टर्बो गाडीला कार्बन फायबरचा इंटरकूलर पाइप घालावा का? सोलापूरच्या उन्हात गाडी चालवणाऱ्यांसाठी

नवी टर्बो गाडी घेतलेले बरेच जण मोबाइलवर एक फोटो उघडूनच माझ्याकडे येतात. बॉनेटखाली काळाभोर, चकचकीत, वीण दिसणारा पाइप. "मालक, हा बसवला तर गाडी अजून ओढेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. रोज वापरायच्या गाडीला, त्यातून आपल्याकडच्या उन्हात, या पाइपावर पैसे घालू नका. त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात गाडीला जाणवेल असा फरक करता येतो. तो कसा करायचा, आणि एवढं ऐकूनही कार्बनच हवा असेल तर काय तपासून घ्यायचा, हे खाली क्रमाने सांगतो.

आधी हवेचा प्रवास समजून घ्या

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात ४२ अंश तापमान आहे असं धरा. टर्बोने हवेचा दाब बाहेरच्या १.८ पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १२४ अंशांची असते. ही हवा इंटरकूलरमध्ये जाते. इंटरकूलर म्हणजे रेडिएटरसारखाच, पण आतून पाण्याऐवजी हवा फिरवणारा. तो ७० टक्के काम करत असेल तर हवा ६७ अंशांवर येते आणि तिथून इंजिनात जाते.

म्हणजे पाइप दोन झाले. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा गरम बाजूचा आणि इंटरकूलरपासून थ्रॉटलपर्यंतचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतचा, थंड बाजूचा. या दोघांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि 'कार्बन पाइप चांगला की वाईट' ही चर्चा बहुतेक वेळा हा फरक न करताच चालते.

थंड हवा दाट असते. ६७ ऐवजी ५७ अंशांची हवा मिळाली तर तेवढ्याच जागेत साधारण ३ टक्के जास्त हवा मावते. शिवाय पेट्रोल इंजिनात नॉकिंगची, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोके बसण्याची भीती कमी होते, म्हणून ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगी उशिरा टाकत नाही. उन्हाळ्यात दुपारी गाडी मंदावल्यासारखी वाटते त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. त्यामुळे हवा थंड ठेवायची धडपड अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच की पाइप बदलून ती थंड होते का.

विक्रेत्याचा दावा आणि साधा हिशेब

दावा असा असतो: ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं, कार्बन फायबर नेत नाही, म्हणून इंजिनची धग आतल्या हवेला लागत नाही. पहिला भाग खरा आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत कार्बनच्या भिंतीतून आरपार जाणारी उष्णता शेकडो पटींनी कमी असते. पण भिंत केवढी? दोन मिलिमीटर. उष्णतेची खरी अडवणूक पाइपाला आतून-बाहेरून चिकटलेल्या हवेच्या थरात होते, आणि तो थर दोन्ही पाइपांना सारखाच. त्यापुढे दोन मिलिमीटर कार्बनचा अडथळा फार किरकोळ ठरतो.

आता वेग बघा. १.२ लिटरचं इंजिन ४,००० आरपीएमवर सेकंदाला साधारण ४० लिटर हवा ओढतं. ५० मिलिमीटरच्या पाइपातून ती सेकंदाला २० मीटर वेगाने जाते. एक मीटर पाइप ओलांडायला तिला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. इंजिनाभोवती ८० अंश धग आहे असं धरून मी गणित मांडलं, तेव्हा ॲल्युमिनियमच्या पाइपातही हवा एक अंशसुद्धा तापत नव्हती. कार्बन घातल्यावर त्या एका अंशातला जेमतेम विसावा भाग वाचत होता.

गाडी सिग्नलला उभी राहिल्यावर धातूचा पाइप तापून बसतो, हे मात्र खरं. निघाल्यावर पहिला अर्धा-पाऊण मिनिट तो साठलेली धग हवेला देतो. इथे कार्बनला थोडा फायदा आहे. पण तुमच्या गाडीतला कंपनीचा पाइप बघा. तो बहुतेक काळ्या नायलॉनचा आणि दोन्ही टोकांना रबराचा असतो. प्लॅस्टिक आणि रबरही उष्णता नेत नाहीत. जो गुण विकत घ्यायला निघालात तो गाडीत आधीच बसवलेला आहे.

वजनाचंही तसंच. दोन मिलिमीटर भिंतीचा, ५० मिलिमीटरचा एक मीटर ॲल्युमिनियम पाइप साधारण ८८० ग्रॅमचा, कार्बनचा ५०० ग्रॅमच्या आसपास. वाचले पावणेचारशे ग्रॅम. सव्वा टनाच्या गाडीत हे कुठे शोधणार? आणि मूळ पाइप नायलॉनचा असेल तर तेवढेही वाचत नाहीत.

वीण बघून भुलू नका

आमच्या घरात टॉवेलचे माग होते, त्यामुळे कार्बनचं कापड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला ते फार ओळखीचं वाटलं. ताणा तोच, बाणा तोच. तिरकी रेघ दिसते ती ट्विलची, दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून. ३के म्हणतात त्या एका धाग्यात ३,००० तंतू असतात आणि एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉनचा, केसाच्या कितीतरी पट बारीक. ताण द्या, हा धागा पोलादालाही ऐकत नाही.

पण पाइप नुसत्या धाग्याचा नसतो. धाग्यांना जागेवर धरून ठेवतो तो इपॉक्सी राळेचा थर, आणि उन्हाळ्यात आधी दगा देते ती राळच. खोलीच्या तापमानाला सुकवलेली साधी इपॉक्सी ६० ते ८० अंशांना मऊ पडू लागते. भट्टीत नीट भाजलेली १२० किंवा त्याहून अधिक सोसते. आपली गरम बाजू १२४ अंशांवर आहे, हे वर पाहिलंच.

मी हे स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून गरम बाजूचा कार्बन पाइप मागवला, हौसेने बसवला. एप्रिल अखेरीस पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे फट् असा आवाज झाला, पिकअप गेलं, इंजिनचा पिवळा दिवा लागला. बॉनेट उघडलं तर पाइप होजमधून निसटून बाजूला पडलेला. गार झाल्यावर निरखून पाहिलं. क्लिप जिथे आवळली होती तिथे गोल खाच पडली होती, नख आडवं बसेल एवढी. गरम असताना राळ दबली, क्लिप सैल झाली, दाबाने पाइप सुटला. पण मला खरी धडकी भरली ती आत बोट फिरवल्यावर. कडेला दोन-तीन काळे तंतू उभे राहिले होते, टॉवेलच्या काठाचे सुटलेले धागे उभे राहतात तसे. एअर फिल्टर टर्बोच्या आधी असतो. टर्बोच्या पुढे जे सुटेल ते अडवायला काही नाही. गरम बाजूचं सुटलं तर इंटरकूलरच्या नळ्यांत जाऊन बसेल, थंड बाजूचं सुटलं तर थेट व्हॉल्व्हपर्यंत. त्या संध्याकाळी मी तो पाइप काढला तो कायमचा.

म्हणून गरम बाजूला कार्बन अजिबात नको, हे माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: आपल्या गाडीत पाइप आहे तरी केवढा

इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि टर्बोपासून बोटाने माग काढत जा. काही गाड्यांत इंटरकूलर पुढे बंपरच्या मागे असतो, पाइप लांब. जुन्या एमहॉक स्कॉर्पिओसारख्या गाडीत तो इंजिनावर, बॉनेटच्या स्कूपखाली असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात तर तो पाण्याने थंड होणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. तिथे टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत एकच आखूड पाइप उरतो आणि तो गरम बाजूचा. अशा गाडीच्या मालकाला हा लेख इथेच सोडता येईल.

दुसरी पायरी: तापमान मोजा

अंदाजाने पैसे घालू नका. ओबीडीच्या, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र मिळतं, मोबाइलवर इनटेक हवेचं तापमान दिसतं. फक्त तो सेन्सर इंटरकूलरच्या पुढे आहे ना, ही खात्री करा. काही गाड्यांत दिसणारा आकडा फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, त्याचा इथे उपयोग नाही.

एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तुळजापूरला जाऊन या. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवा, मग घाट चढताना काय होतं ते शेजारच्याला टिपायला सांगा. चालवताना स्वतः मोबाइल बघायचा नाही. सपाटीवर बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त दिसलं तर इंटरकूलर ठीक आहे. घाटात चढून माथ्यावर लगेच उतरत असेल तरी ठीक. चढून तिथेच बसत असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

तिसरी पायरी: गळती शोधा

सगळ्यात जास्त लाभ इथे आहे, म्हणून इथे रेंगाळतो.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राची डिझेल एसयूव्ही आली. गाडी ओढत नाही, काळा धूर, आणि पाय दाबला की शिट्टी. त्याने मोठा इंटरकूलर आणि पाइपांचा सेट ठरवूनच ठेवला होता. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या उस्तादांनी गाडीखाली हात घातला, एक रबरी होज दोन्ही अंगठ्यांनी वाकवली आणि म्हणाले, "मालक, हे बघा. सरळ असली की दिसत नाही." खालच्या बाजूला बोटभर चीर होती. वाकवली की ओठासारखी उघडायची. आतून तेलाने रबर फुगून मऊ झालं होतं. होज आणि दोन क्लिपा बदलल्या, शिट्टी गेली, धूर गेला, पिकअप परत आलं.

इंजिनच्या ब्रीदरमधून (पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडी तेलाची वाफ या पाइपांत येतेच, डिझेलमध्ये जास्त. त्यामुळे पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका. वाटीभर तेल निघालं तर मात्र टर्बो दाखवा. बाहेरून जोडावर तेलकट धुळीचा पट्टा बसला असेल तर हवा तिथूनच जाते, असं नव्वद टक्के समजा. सोलापूरची धूळ या कामी उपयोगी पडते, गळतीची जागा ती स्वतःच रंगवून दाखवते.

पक्की चाचणी अशी. इंजिन बंद आणि थंड. फिल्टरकडून टर्बोत जाणारी होज काढायची, टर्बोच्या तोंडावर माप जुळणारं झाकण लावायचं, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ब्रीदरची नळी या वाटेत येत असेल तर ती बंद करायची, नाहीतर दाब इंजिनच्या पोटात जाऊन सील उचकटतील. मग रेग्युलेटर लावूनच हळूहळू हवा सोडायची. पंक्चरवाल्याच्या भाषेत १० पौंड पुरे, गाडीच्या मूळ बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या वर कधीच नाही. कॉम्प्रेसरमध्ये शंभराच्या वर पौंड असतात, रेग्युलेटर नसेल तर ही चाचणी करू नका. झाकण उडालं तर तोंड फोडेल, म्हणून समोर उभं राहायचं नाही. आता प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली.

पहिल्यांदा हे मिस्त्रीच्या हाताखाली करा. एकदा पाहिलं की कळतं.

चौथी पायरी: जोड सुधारा, इंटरकूलर धुवा

साध्या जुबली क्लिपच्या पट्टीला खाचा असतात, त्या जास्त आवळल्या की रबर कापतात. बूस्ट वाढवलेल्या गाडीला टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. पाइपाच्या टोकाला उंचवट्याची गोल कड आहे का बघा. ती कडच होज अडवून ठेवते, क्लिप तिच्या मागे बसली पाहिजे. कड नसलेला गुळगुळीत पाइप कितीही आवळला तरी सुटतो. बसवताना टोकाला तेल-ग्रीस लावायचं नाही, उलट ते पुसून कोरडं करायचं.

होज सिलिकॉनची घेणार असाल आणि गाडी डिझेल असेल, तर आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर दिलेली मागा. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं आणि वर्षभरात होज बाहेरून घामेजल्यासारखी दिसू लागते.

इंटरकूलरची पुढची जाळी बघा. हैदराबाद रोडवर रात्री दोन फेऱ्या मारल्या की किड्यांचा थर बसतो, त्यावर धूळ. पाण्याचा साधा पाइप मागून पुढे मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन (जाळीतल्या पातळ पत्र्या) आडव्या पडतात आणि होतं त्याहून नुकसान होतं. आडव्या पडलेल्या फिन बारीक चिमट्याने एकेक सरळ करता येतात, कंटाळवाणं काम आहे पण फुकट आहे.

एवढं करून पुन्हा तुळजापूरची फेरी मारा आणि आकडे ताडून बघा. बहुतेकांचं समाधान इथेच होतं.

पाचवी पायरी: तरीही तापत असेल तर इंटरकूलर

वरच्याच उदाहरणात इंटरकूलर ७० ऐवजी ८० टक्के कामाचा बसवला तर हवा ६७ वरून ५८ अंशांवर येते. सरळ आठ-नऊ अंश. पाइपाच्या मटेरियलने जे अर्ध्या अंशातही होत नाही ते इथे होतं. पाइप बदलावेच लागले तर आर्गन वेल्डिंग चांगलं करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचे करून घ्या. वाकणं कमी आणि मोठ्या वळणाची ठेवा, आतून वेल्डिंगचे मणी घासून काढायला सांगा, आणि बसवण्याआधी पाइप आतून धुऊन घ्या. घासकामाचा चुरा इंजिनात जाता कामा नये. उगाच जाडजूड पाइपही नको, भरायला जास्त हवा लागते आणि टर्बोचा प्रतिसाद उशिरा येतो. गरम बाजूला ॲल्युमिनियमच हवं.

कार्बनच हवा असेल तर

हौसेला मोल नाही, हे मी मानतो. शर्यतीची गाडी असेल, प्रत्येक ग्रॅम मोजला जात असेल, किंवा बॉनेट उघडल्यावर ते देखणं काम बघून तुम्हाला मनापासून आनंद होत असेल, तर थंड बाजूला घ्या. पण घेताना विचारा: राळ किती अंशांची आहे, आणि भट्टीत भाजली आहे का? उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे. आकडा न सांगता 'एकदम हेवी क्वालिटी' म्हणाला तर फोन ठेवा.

पाइप हातात आल्यावर आत टॉर्च मारा. आतली बाजू गुळगुळीत आणि राळेने पूर्ण बंद हवी, तंतू उघडे नकोत. आत प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियम दिसलं तर वरून नुसता कार्बनचा पदर किंवा छापील स्टिकर चढवलेला आहे. टोकांना ॲल्युमिनियमची कडी चिकटवलेली असेल तर तो सांधा नीट बघा. तापल्यावर ॲल्युमिनियम कार्बनपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, म्हणून सांधा रोज थोडा थोडा ओढला जातो. शिवाय ओल लागली की कार्बनला भिडलेलं ॲल्युमिनियम गंजतं. दोघांच्या मध्ये काचतंतूचा किंवा राळेचा थर आहे का, हे विचाराच. सेन्सरचा आटा थेट कार्बनमध्ये पाडलेला असेल तर परत पाठवा.

बसवताना इंजिन हलतं हे लक्षात ठेवा. रेस देताना ते एक-दोन सेंटिमीटर झुकतं. पाइप कुठे घासत असेल तर कार्बन आतल्या आत फुटतो आणि वरून काही दिसत नाही. चाकाजवळून जाणारा तुकडा कार्बनचा नकोच, गिट्टीचा एक दगड पुरतो. आणि तिसऱ्या पायरीतली साबणाची चाचणी बसवल्यावर पुन्हा करायची.

कागदपत्रं

वॉरंटीतली गाडी असेल तर आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो. गाडीतल्या बदलांविषयी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध जाणाऱ्या बदलांना मनाई केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, त्यात नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलं आहे. त्याच मापाची होज बदलणं ही दुरुस्ती झाली. बंपर कापून मोठा इंटरकूलर बसवणं किंवा बूस्ट वाढवणं याआधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्या.

बसवल्यानंतरची तपासणी

पाइप कुठलाही असो, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी पूर्ण थंड करून सगळ्या क्लिपांना पाना लावा. नवी होज बसल्यावर थोडी दबते, क्लिप पाव आटा फिरतेच. प्रत्येक क्लिपच्या काठावर पाइपावर मार्करने एक रेघ मारून ठेवा. दर सर्व्हिसला रेघ आणि होज एकमेकांपासून सरकली आहेत का तेवढं बघायचं. माझ्या गाडीवर त्या पांढऱ्या रेघा आजही आहेत, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मी टॉर्च घेऊन त्या एकदा बघतोच.